भगवंतरावांनी लावलेला फ्लेक्स

चांदूर बाजारच्या भगवंतरावांनी एकतीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केली. खोटा पास ते हातात न घेताच ओळखायचे. अशा पक्क्या माणसाला फोनवर आलेल्या एका पत्राने उल्लू बनवावं!

पत्र मुलाला, पियुषला आलं होतं. सरकारी खात्यात कारकुनाची जागा. वर तीन सिंह, खाली गोल शिक्का. परीक्षा नाही, मुलाखत फोनवर पाच मिनिटांची, आणि रुजू होण्याआधी ट्रेनिंगचे म्हणून पैसे भरायचे. भगवंतरावांनी भरले, वर दुसऱ्याच दिवशी चौकात फ्लेक्स लावला. नोकरी लागली की तिकडे फ्लेक्स लागतोच. मध्ये पोराचा कोटातला फोटो, खाली अभिनंदन करणाऱ्या काका-मामांची रांग. रुजू होईपर्यंत थांबायला कोणाला धीर असतो?

बापलेक अकोल्याला गेले. दिलेल्या पत्त्यावर एक बंद गोदाम होतं. तिथला चौकीदार म्हणाला, "या महिन्यातले तुमी पाचवे. काहून पैसे भरता बाप्पा? सरकार काय नोकरीसाठी पैसे मांगते?"

पोलिसांत जावं तर गावभर बोभाटा. भगवंतरावांनी पियुषला अकोल्यातच मावशीकडे ठेवलं आणि एकटेच परतले. पोरगा रुजू झाला, असं लोकांनी धरलं. त्यांनीही धरू दिलं. फ्लेक्सही काढला नाही.

चार दिवसांनी शेजारच्या दुर्गाबाई आल्या. शिवणकाम करून त्यांनी मुलीला, रागिणीला बीएपर्यंत शिकवलं होतं. फ्लेक्स लागला त्याच दिवशी रागिणीने पियुषकडून मुलाखत घेणाऱ्याचा फोन नंबर घेतला होता.

"भाऊ, रागिणीलेबी पत्र आलं. मशीन इकून उद्या पैसे भरून राहिली मी. खरं हाये न सारं?"

एक 'नाही' पुरे होतं. पण लाज वाटली की माणूस किती हलका होतो! भगवंतराव म्हणाले, "आमचा पियुष रुजू झाला न, बाई."

पंधरा दिवसांनी दुर्गाबाई पुन्हा दारात आल्या. त्या शिव्या देतील म्हणून भगवंतराव मान खाली घालून उभे राहिले. दुर्गाबाईंचा आवाज मात्र चढला नाही.

"रागिणी अकोल्याले गेली, तिले त्या गोदामाच्या चौकीदारानं सांगतलं. म्हणे, चांदूर बाजारचेच बापलेक येऊन गेले. मशीनचं जाऊ द्या, भाऊ. पैसे भरायच्या आधी म्या तुमालेच इचारलं होतं."