एकशे साठचा दर आणि धोंड्याचं वाण

खंडाळ्याच्या एका बंगल्यात मी तीस वर्षं माळीकाम केलं. तिथल्या फाटकावर एक नेपाळी वॉचमन आहे. पोरसवदा आला होता, आता मिशी पांढरी झाली. माझं काम सुटलं तरी आमचा चहा सुटला नाही. तो सुट्टीला कुसगावला माझ्या घरी येतो. मी त्याला भाऊ म्हणतो, तो मला आबा म्हणतो. मावळी बोली तो माझ्या जावयापेक्षा चांगली बोलतो. जावई पिंपरीला कंपनीत आहेत. त्यांना भाताचं आवण, म्हणजे लावणीची रोपं दाखवली तर ते आधी फोटो काढतात.

जावई माणूस भला, पण लग्न झाल्यापासून मला शिकवतात. पैसे मशीनमधून कसे काढायचे, गोळी कधी घ्यायची, पंख्याचं बटण कुठलं. मी चौथीतून शाळा सोडली हे खरं, पण पंखा माझ्या घरचा आहे. आपल्यालाही काही कळतं, हे एकदा त्यांच्या तोंडून ऐकावं एवढीच माझी इच्छा होती.

दिवाळीला भाऊ फराळाला आला होता. घरी पैसे पाठवून आलोय म्हणाला. जावयांनी लगेच विचारलं, आजचा दर काय? भाऊच्या आधी मीच सांगितलं, की नेपाळचा दर रोजचा नसतो. इथले शंभर म्हणजे तिथले एकशे साठ. एकशे साठ किलो भात गिरणीत घातला की शंभर किलो तांदूळ निघतो, तसंच हे. नेपाळचा रुपया टरफलासकट असतो, आपला कांडून साफ केलेला.

टरफल म्हटल्यावर भाऊला लागलं.

"आबा, भात पेरला तर उगवतो," तो म्हणाला. "तुमचा तांदूळ पेरून बगा."

जावई हसले आणि डॉलरवर आले. त्यांना नोकरी लागली तेव्हा डॉलर कुठं होता, आता कुठं गेला, सगळं सांगितलं. कुठलाच दर एका जागी बसत नाही, हाही मागे बदलला असणार आणि पुढेही बदलणार, असं त्यांचं म्हणणं पडलं.

मी म्हणालो, "मागं बदलला न्हाई आन फुडं बदलायचा न्हाई. धोंड्याच्या महिन्यापातूर बगा. हलला तर वाण दुप्पट देतो. न्हाई हलला तर जावईबापू, तुमी माझे पाय धुवायचे आन वाण मला द्यायचं."

तीन वर्षांनी धोंड्याचा महिना येतो. तेव्हा सासऱ्याने जावयाचे पाय धुवायचे आणि वाण म्हणून अनारसे द्यायचे, अशी रीत. उलटं कोणी ऐकलेलं नाही. बायकोने चकलीचं ताट खाली ठेवलं आणि नरकात तुमची जागा आत्ताच बघून ठेवा म्हणाली. मुलगी तर तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. पण जावयांनी पैज घेतली होती, आणि मी दिलेला शब्द माघारी घेत नाही.

मग दर रविवारी जावयांचा फोन. मोबाईलवर एकशे साठ आणि वर दहा पैसे दाखवतंय, मामा, हलला. मी म्हणायचो, मोबाईल हलला, दर नाही. कधी पैसे कमी दाखवायचं, तेव्हाही त्यांना तोच आनंद. शेवटी ठरलं की मोबाईल धरायचा नाही. भाऊच्या बायकोच्या हातात किती पडले ते खरं. भाऊ दर महिन्याला दहा हजार धाडायचा आणि माझ्यासमोर फोन लावायचा. तिची भाषा मला कळत नव्हती, पण सोळा हजार बरोबर कळायचे. फाल्गुनात ती काहीतरी कमी बोलली. दोन दिवसांनी उलगडलं, की तिथल्या नव्या दुकानदाराने आपलं कमिशन आधीच कापून घेतलं होतं. ते दोन दिवस मला भाकरी गोड लागली नाही.

धोंड्याचा महिना आला. दर होता तिथेच होता. जावईही शब्दाचे पक्के, लोटा-परात मागून घेतली आणि पँट दुमडून खाली बसले. मी पाटावर. भाऊ साक्षीला. बायको स्वयंपाकघरातून बाहेर यायला तयार नव्हती, पण दाराच्या फटीतून बघत होती.

माझा उजवा पाय धुवून झाला. भाऊ आपलं काहीतरी बोलायचं म्हणून बोलला.

"आमच्या बाच्या टायमाला एकशे पंचेचाळीसच मिळायचे. मग वाढलं, मग परत थोडं उतरलं. मी आलो त्याच्या आसपास एकशे साठ झालं ते झालं."

मी त्याच्याकडे वळलो. "भाऊ, ह्ये आदी का न्हाई सांगितलंस?"

"तुमी इचारलं कुटं, आबा? तुमीच तर सांगत व्हता."

जावई हसले नाहीत. खाली मान घालून म्हणाले, "मामा, दुसरा पाय द्या."

दिला असता तर कोणी काही बोललं नसतं. पण खोटा पाय मी परातीत कसा ठेवू? उठलो, जावयांना पाटावर बसवलं आणि त्यांना सांगितलं, "मागचं तुमचं बरोबर, फुडचं माझं. एकेकच पाय." त्यांचा उजवा पाय मी धुतला, पुसला. बायको दार उघडून बाहेर आली आणि डाव्या पायांचं काय, असं विचारू लागली. म्हटलं, ज्याचा त्याने धुवावा. अनारसे तेहतीस होते. सोळा त्यांना, सोळा मला, राहिलेला भाऊला. तो खाताना भाऊ माझ्याकडे बघत नव्हता.

जावई दुमडलेली पँट खाली करता करता हळूच म्हणाले, "सात महिने मी मोबाईल बघत बसलो, पण पुढचं तुम्हालाच कळलं होतं, मामा."

मला स्पष्ट ऐकू आलं होतं. तरी कानाला हात लावून मी विचारलं, "काय म्हणालात?" आणि त्यांना ते पुन्हा म्हणायला लावलं. जरा मोठ्याने.