कुठं लिहिलंय ते दाखव

पौषातल्या सकाळी माझ्या वर्गाला कांद्याच्या रोपांचा वास येतो. निमोणे गावच्या रानात लागवडीची घाई असते. शाळेत येण्याआधी मुलं आईच्या मागे वाफ्यात रोपांच्या जुड्या टाकून आलेली असतात, आणि हात कितीही धुतले तरी तो तिखट, ओलसर, हिरवा गंध बोटांच्या पेरांत दडून वर्गापर्यंत येतोच. मग ती बोटं पुस्तकावर फिरतात. माझ्या चौथीच्या पुस्तकांतल्या काही ओळी अगदी कोऱ्या, तर काही पार मळलेल्या. एरवी पुस्तक मळलं म्हणून डोळे वटारणारी बाई मी. पण त्या मळक्या ओळी पाहिल्या की मला कोण आनंद होतो! कारण ते डाग माझ्याच हट्टाचे आहेत.

हट्ट एवढाच की, उत्तर लिहिलंत ना, मग ते धड्यात कुठं लिहिलंय त्यावर बोट ठेवा आणि ती ओळ उत्तराखाली उतरवा. ऐकायला किती सोपं! पण ज्या गावात 'समद्यांना ठावं हाय' हाच सर्वश्रेष्ठ पुरावा मानला जातो, तिथं नऊ वर्षांच्या मुलाला ओळ शोधायला लावणं म्हणजे वाहत्या पाटाला माघारी वळवणं. धड्यातला शेतकरी पहाटे का उठला, असं मी एकदा विचारलं. अख्ख्या वर्गानं लिहिलं, 'लाईट पहाटे येते म्हणून.' धड्यात विजेचं नावसुद्धा नव्हतं; तो बिचारा पाखरांची किलबिल ऐकून उठला होता. पण आमच्याकडे विहिरीवरची मोटार चालू करायची नसेल तर त्या थंडीत माणूस अंथरूण सोडेल कशाला? मुलांचं तरी काय चुकलं? आयुष्य त्यांना पाठ होतं, धडा तेवढा वाचायचा राहिला होता.

हट्टाची फळं गोड असतात तशी गमतीचीही असतात. वर्गातल्या एका मुलीनं लग्नपत्रिकेवर बोट ठेवून मुहूर्त दाखवला आणि घरच्यांना बारा पस्तीसच्या लग्नाला बरोबर सव्वाबाराला मांडवात नेऊन बसवलं. मांडवात आचारी आणि वाजंत्री सोडून चिटपाखरू नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिचे आबा शाळेत हजर. "बाई, पोरीला वाचाया शिकवलं ते ब्येस झालं, पण पत्रिकंवरचा टाइम कुणी खरा मानतं व्हय?" मी पोट धरून हसले. छापलेलं सगळंच खरं नसतं, हे मात्र पुढं मलाच शिकावं लागणार होतं.

दिवाळीनंतर वर्गात तनुजा आली. दौंड तालुक्यातल्या राहू गावची. वडील मालट्रकवर ड्रायव्हर, पंधरा-पंधरा दिवस बाहेर. म्हणून आई तिला घेऊन इथं भावाकडे राहायला आलेली. दोन महिने या पोरीनं एका शब्दापलीकडे काही लिहिलं नाही. प्रश्न कितीही मोठा असो, हिचं उत्तर 'होय', 'नाही', फार तर 'माहीत नाही'. अशी मुलं मी पाहिली आहेत. ती हळूहळू वर्गाच्या भिंतीत मिसळून जातात, आणि मग चौथी काय नि सातवी काय, त्यांना कुणी काही विचारत नाही. तनुजाचं तसं होऊ नये, या काळजीनं मी अक्षरशः झुरत होते.

आणि एक दिवस तिनं तीन ओळी लिहिल्या! वाचनाला एक छोटी गोष्ट दिली होती. रखमाच्या लेकीला शहरात नर्सची नोकरी लागते. सकाळी लेक एसटीत बसते, रखमा आळीभर पेढे वाटते, संध्याकाळी घरी येऊन स्वयंपाक करते. प्रश्न होता, त्या दिवशी रखमाला काय वाटलं? सगळ्यांनी लिहिलं 'आनंद', आणि खाली पेढ्यांची ओळ. उत्तरसूचीतही आनंदच छापलेला. तनुजानं लिहिलं 'दुःख'. मी वह्यांचा ढीग उपसत होते. तिचा पहिला शब्द पाहिला, लाल फुली मारली आणि पुढची वही उघडली. खालच्या दोन ओळी मी वाचल्याच नाहीत. ओळीवर बोट ठेवा म्हणून घसा कोरडा करणारी बाई ती मीच! लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

मधल्या सुट्टीत वर्ग खिचडीच्या रांगेत गेला; तनुजा मात्र वही-पुस्तक घेऊन माझ्या टेबलाशी आली. डोळे भरलेले, पण बोट ओळीवर घट्ट. "बाई, एवढं वाचा की." मी वाचलं. 'रखमाने दोन ताटं घेतली आणि एक परत ठेवून दिलं.' "पेढं सकाळचं हायेत, बाई," ती म्हणाली, "ताट संध्याकाळचं हाय. पप्पा गाडीवर गेलं की आमची आई बी असंच करती."

कितीतरी वर्षं मी मुलांना बजावत होते, घरातलं बाजूला ठेवा आणि धड्यातलं सांगा. पण त्या एका ओळीपर्यंत तिला घेऊन गेलं कोण? तिचं घरच ना! तिच्या घरात एक ताट परत ठेवलं जात होतं, म्हणूनच धड्यातलं ताट तिला दिसलं. आम्हा बाकीच्यांना दिसले ते नुसते पेढे. आपलं जगणं कुठं पाहायचं ते दाखवतं आणि पुस्तकातली ओळ ते दुसऱ्याला पटवून देते. या दोघांची सांगड घालायची की एकाला वर्गाबाहेर उभं करायचं?

मला फार लाज वाटली, आणि लाजेहून जास्त भीती. ती फुली पाहून ही पोर रडून गप्प बसली असती, तर तिच्या आयुष्यातलं ते शेवटचं तीन ओळींचं उत्तर ठरलं असतं. मी फुली खोडली, शेजारी 'बरोबर'ची ठसठशीत खूण केली आणि वही तिच्या हातात दिली.

ती हलेना. वहीकडे पाहत राहिली. मग माझ्या खुणेवर बोट ठेवून म्हणाली, "पर का खोडलं, ते लिवा ना बाई. खाली धड्यातली वळ बी लिवा."

लाल पेन घेऊन इतकी वर्षं झाली, पण त्या पेनाकडे कुणी आधार मागितला नव्हता. मी खुर्ची पुढं ओढली, पुस्तक जवळ घेतलं आणि लिहिलं, 'बाईंचे चुकले, कारण पाठात लिहिले आहे की, रखमाने दोन ताटं घेतली आणि एक परत ठेवून दिलं.' तनुजानं शब्दाशब्दावर बोट फिरवत ते पुस्तकातल्या ओळीशी ताडून पाहिलं, मान डोलावली आणि खिचडीच्या रांगेकडे पळत सुटली.