बत्तीसऐवजी बेचाळीस
ओल्या रबराचा वास आला की मला जुन्या जालन्यातलं ते टायरचं दुकान आठवतं. एका पावसाळ्यात हसनाबादहून सासूबाईंना घेऊन येताना, ट्रॅक्टरच्या चाकांनी काळा चिखल पसरलेल्या रस्त्यावर ब्रेक लावला आणि कार आडवी घसरत कडेच्या बाभळीवर आदळली. सासूबाईंच्या कपाळाला चार टाके पडले. टायर महिन्यापूर्वीच बसवलेले होते, म्हणून दुसऱ्या दिवशी मी तीच चेपलेली कार घेऊन तडक दुकानात गेलो आणि पाच-सहा गिऱ्हाइकांसमोर म्हाताऱ्या दुकानदाराला म्हणालो, "नकली माल गळ्यात मारता, माणसं मारायला बसलात का?" तो चाकापाशी बसला, हवा मोजली आणि हळूच म्हणाला, "भाऊ, मी बत्तीस भरून देल्ती. हे बेचाळीस हाय. एवढ्या हवेनं टायर मधोमधच टेकतं, मंग ओला रस्ता धरत न्हाई. वरची दहा कोनी भरली?" मीच भरली होती, घरच्या पंपानं, लिटरमागे दीड किलोमीटर जास्त मिळतात म्हणून. त्यानं चारही चाकांची हवा बराबर करून दिली; त्याच गिऱ्हाइकांसमोर माफी मागणं मात्र मला जमलं नाही. घरी बायकोनं विचारलं, "काय निघालं?" मी म्हणालो, "टायरच खराब होते." तिनं ते माहेरी सांगितलं. आज तिच्या तिन्ही भावांकडे गाड्या आहेत, पण त्या दुकानात कोणी जात नाही. परवा सासूबाईंनी नव्या नातजावयालाही माझ्यादेखत बजावलं, "त्या म्हाताऱ्याकडं बिलकुल जाऊ नका." मी चहा पीत राहिलो.