जागेवरचा की आणलेला?

श्री. मनोहर नाबर यांची आणि माझी पहिली भेट घाटकोपरच्या एका मोकळ्या भूखंडावर झाली. मी तेव्हा महापालिकेत नवखी अभियंता होते. तिथे शाळा उभी राहायची होती, पायाची आखणी झाली होती आणि सगळ्यांना काम उरकायची घाई होती. राज्य सरकारच्या भूविज्ञान खात्यातून नाबरसाहेब पाहणीला आलेले बघून आमचे वरिष्ठ राणे वैतागलेच. म्हणाले, "साहेब, मुरूम लागलाय ना खाली! अजून काय पाहिजे?"

"जागेवरचा की आणलेला?" नाबरसाहेबांनी विचारले.

राणेंनी आमचा कागद पुन्हा उलगडला.

मुरूम म्हणजे जागच्या जागी झिजलेला खडक; पण ट्रकने आणून ओतलेल्या भरावालाही आपण मुरूमच म्हणतो. आमच्या कागदावर नुसते 'मुरूम' होते. त्यांच्या खात्याच्या जुन्या नकाशावर त्याच ठिकाणी दगडाची खाण होती. दोन्ही कागद सरकारी, दोन्ही खरे. फक्त ते कधी एका टेबलावर आले नव्हते. साहेबांनी खड्डा आणखी खोल खणायला लावला, तर मुरमाखालून एक रबरी चप्पल निघाली. "आयला, पोरांची वाट लागली असती ना!" म्हणत राणे खालीच बसले. शाळा भूखंडाच्या वरच्या अंगाला, खऱ्या खडकावर सरकली. भरावावर आज मुलांचे मैदान आहे.

त्यानंतर केंद्र, राज्य आणि पालिका मिळून उपनगरांचा एकच भूस्तर-नकाशा करायचे साहेबांनी मनावर घेतले. प्रत्येक खात्याला आपला कागद म्हणजे माहेरचा दागिना. बाहेर काढायचा तर जीव खालीवर. साहेब कुणाशी भांडले नाहीत. ते एकेका कार्यालयात जाऊन निवांत चहा पीत आणि निघताना नकाशाची प्रत मागत. अखेर नकाशा झाला. त्यात जागेवरच्या मुरमाला एक रंग आहे, आणलेल्याला दुसरा. तो कपाटात ठेवायचे घाटू लागले तेव्हा मात्र साहेबांचा आवाज चढला. "अहो, लोकांच्या पैशानं काढलाय. लोकांनाच दाखवायचा नाही?" आता तो वॉर्ड ऑफिसच्या भिंतीवर आहे. घर घेण्याआधी लोक येतात, आपल्या गल्लीवर बोट ठेवतात आणि खाली काय आहे ते विचारतात.

या कामासाठी माहुल-विक्रोळीच्या खाजणांत आम्ही खूप फिरलो. गावात शिरताच साहेब आधी एखाद्या घरी ओळख काढत. "आमच्या मॅडम आहेत, जरा हातपाय धुवायला आत जाऊ द्या त्यांना." मला कधी सांगावे लागले नाही. बाईमाणसाचे फिल्डवर काय अडते, हे आपणहून जाणणारे दुसरे अधिकारी मला भेटले नाहीत. त्यांचे हे ऋण मला मोठे वाटते.

साहेब आता साठ वर्षांचे होत आहेत. हा गौरवग्रंथ त्यांना मुळीच नको होता. मी लेख लिहिते आहे हे कळताच त्यांनी फोनवर विचारले, "काय गं, स्तुती जागेवरची की आणलेली?"

साहेब, खणून बघा. कितीही खोल गेलात तरी चप्पल लागायची नाही. आणि एवढे खणायला अंगात ताकद हवी, म्हणून आपणांस उदंड, निरोगी आयुष्य लाभो.