यादीत नसलेलं काम

स्क्रूड्रायव्हरचं टोक यंत्रावर, मूठ कानाला आणि डोळे मिटलेले. चेन्नईत, नुंगंबाक्कमच्या आमच्या ऑफिसात ते पहिल्यांदा आले तेव्हा मला नमस्कार करण्याआधी त्यांनी आमच्या कण्हणाऱ्या एसीला असं तपासलं. म्हणाले, "आधी ऐकायचं, मग उघडायचं, सार."

दोन हजार पाचच्या आसपासची गोष्ट. परदेशी जाणाऱ्यांचे अर्ज भरून देणं हा माझा धंदा. त्या त्या देशाची कामांची एक जाडजूड यादी असे. माणसाचं काम तिच्यात कुठे बसतं ते मी शोधायचो. शिंप्यासारखंच, फक्त मी कापडाऐवजी माणूस कापायचो.

हे गृहस्थ अंबत्तूरच्या एका कारखान्यात फिटर. घराणं तंजावरचं, मराठी इतकं जुनं की माझं पुणेरी त्यांच्यापुढे पोरकट वाटे. "तुमचं मराठी बरं आहे, सार. थोडं नवं आहे," असं सर्टिफिकेटही त्यांनी मला दिलं होतं.

त्यांचा थोरला भाऊ ऑस्ट्रेलियात. दोघं भाऊ पंधरा वर्षं इथे शेजारी-शेजारी उभे राहून राबले. मग थोरला गेला, तिकडे वर्कशॉप काढलं आणि त्यातलं एक टेबल यांच्यासाठी रिकामं ठेवलं. वयाची पंचेचाळीस पुरी व्हायच्या आत कागद पास झाले तरच यांना जाता येणार होतं. चव्वेचाळीस तर कधीच झाली होती.

कामाचा तपशील त्यांनी पेन्सिलीने लिहून आणला. पहिलीच ओळ: 'मशीनला कान लावतो. कुठे दुखतं ते ओळखतो.' मला हसू आलं. ती ओळ मी खोडली आणि यादीत फिटरपुढे छापलेली कामं जशीच्या तशी उतरवली, स्वल्पविरामांसकट. त्यावर कारखान्याच्या मालकाची सही घेतली. एवढा चोख अर्ज मी जन्मात भरला नव्हता.

चार महिन्यांनी उत्तर आलं. हा तपशील आमच्याच यादीची नक्कल आहे, हा माणूस प्रत्यक्षात काय करतो ते कळत नाही. नामंजूर.

मग मी पेन्सिलीतली ओळ सगळ्यांत वर घालून नवा अर्ज धाडला. त्याचं उत्तर यायच्या आत त्यांना पंचेचाळीस पुरी झाली. त्या दिवशी ते मैसूरपाक घेऊन आले. मी माफीचं भाषण पाठ करून बसलो होतो. त्यातलं पहिलं वाक्यही त्यांनी पुरं होऊ दिलं नाही.

"तुम्ही ऐकलंच नाही, सार. एकदम उघडलंत."

बस. पुन्हा कधी तो विषय नाही.

प्रायश्चित्त म्हणून दर शनिवारी मी त्यांना ऑफिसच्या फोनवरून भावाशी बोलू द्यायचो. बोलणं कसलं! तिकडे भाऊ फोन मशीनजवळ धरायचा, इकडे हे डोळे मिटायचे. "बेअरिंग गेलं, अण्णा. डावीकडचं." पुढच्या शनिवारी कळायचं, डावीकडचंच निघालं.

पुढे त्यांचा कारखाना होसूरला हलला आणि तेही तिकडे गेले. तुमच्याही ओळखीत असेल असा कुणी, ज्याच्यामागे त्याची फक्त सवय उरते. आजही एसी कण्हला की मी आधी कान लावतो. कळत काहीच नाही, हा भाग वेगळा.

जाण्याआधीच्या शनिवारी ते बराच वेळ नुसतेच ऐकत होते. शेवटी मी विचारलं, काय बिघडलंय? त्यांनी रिसीव्हरवर हात ठेवला.

"काही नाही, सार. मशीन उत्तम चाललंय."

आणि रिसीव्हर पुन्हा कानाला लावून त्यांनी डोळे मिटले.