कुंदा मॅडम पाणी घेत नाहीत

ढाणकीच्या स्टँडवर उतरलं की कुंदा मॅडम मागं वळून एसटीचा बोर्ड वाचतात. पुसदहून रोज याच गाडीनं येता येता केस पांढरे झाले, तरी वाचतात. पोरं म्हणतात, मॅडमले अजून खात्री नाई, गाडी खरंच ढाणकीले आली का.

त्यांचे यजमान श्रीकृष्णराव तर भर पंगतीत सांगतात, "मंगलाष्टकं चालू होती, तेव्हा हिनं अंतरपाटाखालून माझे पाय बघितले. नवरदेव बदलला तर नाही ना!"

"बघितले," मॅडम म्हणतात. "त्यात काय चुकलं?"

कुंदा मुळावकर अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवतात. पण बारावीचा निकाल लागला, सीईटीचे मार्क आले आणि प्रवेशाच्या फेऱ्या सुरू झाल्या, की त्यांचं खरं काम सुरू होतं. ते काम म्हणजे संशय घेणं. "हा दाखला कुठून आणला? शिक्का नीट उमटलेला का नाही?" "ही साइट सरकारीच कशावरून? वरचा पत्ता वाच. अक्षर अक्षर वाच." "तुला फोन आला म्हणतोस, बोलणारा कोण होता? त्यानं सांगितलं आणि तू ऐकलंस?"

त्यांच्या या स्वभावाला कारण होतं. त्या दिवसांत गावोगाव माणसं फिरतात. गळ्यात पट्टा, पट्ट्याला कार्ड, तोंडात साखर. कुठल्यातरी कॉलेजच्या रिकाम्या जागा भरून देण्याचा त्यांचा धंदा. पोरांचा पासवर्ड मिळवायचा, कॉलेजांच्या पसंतीक्रमात आपलं कॉलेज वर सरकवायचं, की झालं.

म्हणून मॅडमनी स्वतःलाही दोन नियम लावून घेतले होते. पोरगं पासवर्ड टाकायला लागलं की त्या उठायच्या आणि भिंतीवरच्या मानवी सांगाड्याकडं तोंड करून उभ्या राहायच्या.

"झालं?"

"झालं मॅडम."

"नक्की? मग वळते."

दुसरा नियम, ज्या पोराच्या प्रवेशाचं काम हातात आहे, त्याच्या घरी काही घ्यायचं नाही. चहा नाही, पाणीसुद्धा नाही. एकदा एका पोरीच्या आईनं आनंदानं त्यांना साडी नेसवली होती. आठ दिवसांत ढाणकीभर झालं, साडी कॉलेजवाल्यांनी पाठवली म्हणे! तेव्हापासून मॅडम पर्समध्ये स्वतःची पाण्याची बाटली ठेवतात.

हा दुसरा नियम गेल्या वर्षी त्यांच्या चांगलाच अंगाशी आला.

वर्षा राठोड तांड्यावरची. फार्मसीला जायचं हे तिनं दहावीतच ठरवलेलं. बाप शंकरसिंग शेती करतो. त्यानं एकदाच सांगून ठेवलं होतं, "अमरावतीचं सरकारी मिळालं तर जा. दुसरीकडं कुठं धाडणार नाई." मार्क असे होते की अमरावती लागण्यासारखं होतं. मॅडमनी आणि तिनं शाळेच्या कॉम्प्युटरवर बसून पसंतीक्रम भरला होता, अमरावती पहिलं. आता फक्त तो कायम करायचा होता. त्याला बापाच्या मोबाईलवर येणारा ओटीपी लागणार होता, आणि मुदत होती त्याच दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत.

सकाळी वर्षानं लॉगिन केलं. मॅडम सांगाड्यासमोर उभ्या.

"झालं?"

मागं कीबोर्डचा आवाज थांबला होता.

"वर्षा, झालं का?"

"मॅडम... पैला नंबर बदलला."

मॅडम वळल्या. पहिल्या जागी नागपूरच्या वाटेवरचं एक खासगी कॉलेज बसलं होतं. त्याचं नाव या दोघींनी कधी उच्चारलंसुद्धा नव्हतं. अमरावती पार खाली गेली होती. आणि नियम असा की पहिल्या नंबरचं कॉलेज लागलं तर तेच घ्यायचं. नको म्हटलं तर पुढच्या फेऱ्या बंद. म्हणजे ही यादी कायम झाली असती, तर वर्षाला ते खासगीच लागलं असतं आणि शंकरसिंगनं तिला घरी बसवलं असतं.

मॅडमनी वर्षाकडं बघितलं. "पासवर्ड कुणाला दिलास?"

वर्षानं मॅडमकडं बघितलं. "कोणालेच नाई."

"मग?"

"यादी भरताना इथं आपण दोघीच होतो मॅडम."

ज्या बाईनं आयुष्यभर दुसऱ्यांवर संशय घेतला, तिच्याकडं आज तिचीच विद्यार्थिनी त्या नजरेनं बघत होती. मॅडमना राग यायला हवा होता. त्या म्हणाल्या, "शाब्बास. असंच बघायचं. आता बापाला फोन लाव."

शंकरसिंग शेतात डवरणीला होता.

"बा, एक ओटीपी येईन. तेवढा सांग."

"कायले?"

"यादी सुधरून पक्की कराची हाय. मॅडम बसल्या इथं."

"मॅडम बसल्या हाय ना? म्हणूनच नाई सांगत." फोन कट.

वर्षानं मान खाली घातली. मॅडमनी पर्स उचलली. "चल. ऑटो बघ."

तांड्यावर सेवालाल महाराजांच्या देवळाचा ओटा आहे. वस्तीत मोबाईलला रेंज तिथंच येते, त्यामुळं तांड्याचं सगळं बोलणं तिथंच चालतं. तांड्याचे नाईक, म्हातारे धावजी, तिथं बसलेले. वर्षानं शेताकडं कुणालातरी पिटाळलं. तिची आई हंसाबाई तांब्या घेऊन आली.

"आव, बेस. पाणी घ्या मॅडम."

"नको, हंसाबाई. माझ्याजवळ आहे."

हंसाबाईनं धावजींकडं बघितलं. धावजींनी डोळे बारीक केले.

"मांगच्या खेपीलेही नाई घेतलं तुमी," ते म्हणाले. "आमच्या हातचं चालत नाई का?"

"तसं नाही हो नाईक! माझा नियम आहे."

"आमचाबी हाय. ज्याच्या मनात काई नसते तो तांड्यावर आला की पैले पाणी पेते. मंग बोलते. तुमी पैलेच बोलून राह्यल्या."

तेवढ्यात शंकरसिंग आला. पायाला चिखल, खिशात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला मोबाईल, त्यावर हात घट्ट.

"शंकरसिंगभाऊ," मॅडम म्हणाल्या, "यादी कुणीतरी बदलली आहे."

"बदलली असन. तुमीच तर भरली."

"मी नाही बदलली. इथं कुणी आलं होतं का? कॉलेजबद्दल बोलायला?"

हंसाबाई लगेच म्हणाली, "साकेत सर आलते ना पुसदचे! लय चांगलं पोरगं. ओट्यावर चढाच्या आंधी चप्पल काढली, जय सेवालाल म्हणलं, माह्या पाया पडलं. बाटी खाल्ली, ठेचा मांगून खाल्ला. म्हणे, काकू, असा ठेचा पुसदमधी नाई भेटत."

"आणि काय विचारलं?"

"इचारलं, वर्षाची यादी एकदा तपासून देतो. पासवर्ड काय असन?"

"याडी!" वर्षा आईवर ओरडली. "तू सांगितला? तुले मालूमच कसा?"

"आता त्यात काय मालूम कराचं? शेळीचं नाव असन म्हटलं, आन् एक दोन तीन. तुहं सगळं त्या लाडीच्याच नावानं असते. लाडी बाहेर बांधलेलीच होती. त्यानं दाबून पाह्यलं तं लागला."

ओट्यावर बसलेल्यांपैकी कुणीतरी हसलं. लाडी शेळी खुंट्याला मान घासत होती. मॅडम हसल्या नाहीत.

"मग पक्की काहून नाही केली त्यानं?" त्यांनी विचारलं. बावीस मिनिटं तांड्यावर काढली की मॅडमच्या पुस्तकी मराठीतही काहून येतंच.

शंकरसिंगनं छाती पुढं काढली. "मी ओटीपी नाई देल्ला. दोनदा फोन आला त्याचा. काका, एक नंबर आला असन, सांगा. म्या म्हटलं, बँकवाले रोज सांगतात, कोणालेच सांगू नका. मी बायकोले सांगत नाई, तुले काहून सांगू?"

"म्हणजे तुमी त्यालेबी नाही दिला?"

"त्यानं बाटी खाल्ली तरी नाई देल्ला. तुमी तं पाणीबी नाई पेल्या."

मॅडम म्हणाल्या, "शंकरसिंगभाऊ, बावीस वर्षांत मला तुमच्यासारखा पालक भेटला नाही."

"म्हंजे?"

"म्हणजे तुम्ही एकदम बरोबर केलं. मलाही सांगू नका."

आता शंकरसिंगच गोंधळला. "मंग पक्की कशी होईन?"

"तुम्ही करा. तुमच्या मोबाईलवर, तुमच्या हातानं. वर्षा यादी सुधारेल, नवा पासवर्ड टाकेल. शेळीचा नाही. ओटीपी तुम्ही टाका. मी बघणार नाही."

"नाई बघणार म्हंजे?"

मॅडम उठल्या. सांगाडा नव्हता, म्हणून देवळामागच्या लिंबाकडं तोंड करून उभ्या राहिल्या. पदर खांद्यावर, पर्स काखेत, पाठ सगळ्या तांड्याकडं.

धावजी म्हणाले, "हे काय करून राह्यली बाई?"

"शाळेतबी असंच करतेत," वर्षा हळूच म्हणाली. "पासवर्ड टाकला की."

"दरवेळी?"

"दरवेळी. एकदाबी वळल्या नाई." तिनं बोलता बोलता मान खाली घातली. सकाळची नजर तिला आठवली असावी.

पण खरी कसोटी आता मॅडमची होती. जी बाई एसटीचा बोर्ड रोज वाचते, तिला यादी न बघता उभं राहायचं होतं. पोरीचं बोट घसरलं तर? घाईत अमरावती दुसऱ्या नंबरावर राहिली तर? साकेतनं आणखी काही करून ठेवलं असेल तर?

"वर्षा," त्या लिंबालाच म्हणाल्या, "मोठ्यानं वाच. नाईकांना ऐकू गेलं पाहिजे."

"एक नंबर. अमरावती. सरकारी."

"परत."

"एक नंबर, अमरावती, सरकारी."

"कॉलेजचा कोड?"

तिनं कोड वाचला. मॅडमनी मनातल्या कोडाशी ताडला. "दोन नंबर?"

अशी सगळी यादी तांड्यानं ऐकली. ते नागपूरच्या वाटेवरचं नाव वर्षानं काढून टाकलं, तेव्हा हंसाबाई पुटपुटली, "मेल्यानं ठेचा फुकट खाल्ला."

मग मोबाईल वाजला. शंकरसिंगनं तो वर्षाच्या हातून घेतला, स्क्रीन छातीशी धरली, बायकोकडं बघितलं, धावजींकडं बघितलं. "नाईक, तुमीबी तिकडं पाहा जरा."

"मीबी?"

"कोणालेच म्हंजे कोणालेच."

नाईक कुरकुरत वळले. हंसाबाई वळली. ओट्यावरची सगळी माणसं लिंबाकडं तोंड करून बसली आणि शंकरसिंग चिखलाच्या बोटानं एकेक आकडा दाबत राहिला.

"चूक दाखवून राह्यला!"

"बा, बोट पुसून टाक."

त्यानं धोतराला बोट पुसलं. पुन्हा दाबलं.

"झाली," वर्षा म्हणाली. "मॅडम, पक्की झाली."

"हिरवं आलं? खाली तारीख आहे?"

"हाय."

"परत वाच."

तिनं परत वाचलं, तेव्हा मॅडम वळल्या. घड्याळात पाचला अजून अवकाश होता.

हंसाबाई तांब्या घेऊन तिथंच उभी होती. पुढं करावा की नाही, तिला कळेना.

धावजी म्हणाले, "काम झालं ना बाई?"

"झालं."

"मंग तुमचा नियम सुटला. आता आमचा सुरू."

मॅडमनी तांब्या घेतला, तोंडाला न लावता वरून पाणी प्यायल्या, अर्धा रिकामा केला. मग बाटी आली, दाळ आली, आणि ठेचा.

"साकेतले देल्ला तोच का?" शंकरसिंगनं बायकोला विचारलं.

"त्याच्याहून तिखट हाय."

मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं, पण त्यांनी ताट पुसून काढलं. तेव्हापासून त्यांचा नियम थोडा बदलला आहे. यादी पक्की होईस्तोवर पाणी नाही. पक्की झाली, की जेवल्याशिवाय तांडा त्यांना उठू देत नाही.

फेरीचा निकाल लागला त्या दिवशी शंकरसिंगचा फोन आला. "मॅडम, मेसेज आला. अमरावती लागलं म्हणते. खरा हाय का कोणी फसवून राह्यलं?"

"मलाही तीच शंका," मॅडम म्हणाल्या. "मेसेजमधल्या निळ्या अक्षरांवर बोट लावू नका. वर्षाला साइट उघडायला सांगा. पत्ता वाचून."

साइटवरही अमरावतीच होतं.

पुढच्या आठवड्यात बापलेक प्रवेश घ्यायला गेले. संध्याकाळी वर्षानं मॅडमना फोन केला. तिला धड बोलताही येत नव्हतं, इतकी हसत होती. "मॅडम, खिडकीतल्या सरांनी म्हटलं, काका, ओटीपी आला असन, सांगा. बा म्हणे, मी टाकतो साहेब, तुमी पैले भिंतीकडं तोंड करा."

"मग?"

"केलं त्यांनी. मांगच्या लायनीलेबी कराले लावलं."

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "आणि तो माणूस कॉलेजचाच होता ना? ओळखपत्र बघितलं का?"

"बानं पाह्यलं मॅडम," वर्षा म्हणाली. "सगळ्यात पैले."