काड्या खोचलेला भात

रुद्रेशनं बोटानं चित्र थांबवलं आणि उंड्या पावाचा उरलेला तुकडा माझ्या बशीत टाकला.

"हय बघ गो सेजल. भात बघ."

आम्ही त्याच्या घरच्या सोप्यावर बसलो होतो. मोबाइलवर जपानी कार्टून. बंदरावरचा एक पोरगा, त्याची आई. बाप बोटीवर गेलेला. बापाच्या फोटोपुढे वाटीत भात, त्यात जेवायच्या दोन काड्या उभ्या खोचलेल्या.

रुद्रेशला याचं वेडच. एकच भाग आधी हिंदीत बघायचा, मग जपानीत, खालच्या इंग्रजी ओळी वाचत. काय काय बदललं ते रेकॉर्ड करून नेटवर टाकायचा. हिंदीत पोराचं नाव हर्ष केलेलं, भाताच्या गोळ्याला लाडू म्हटलेलं. काळं कायतरी गुंडाळलेला लाडू कोण खातो? आम्ही खूप हसलो.

"हिंदीत आई म्हणते, बाबा दिवाळीला येणार," तो म्हणाला.

"आपल्याकडे केलं असतं तर गणपतीच्या चवथीला येणार म्हणाली असती."

तो हसला नाही. "जपानीत ती फोटोशी बोलते. आज तुमच्या आवडीची मासळी, म्हणते. काड्या अशा मेलेल्याच्या भातातच उभ्या करतात. आपण म्हाळाला कावळ्याला पान ठेवतो ना, तसं. बोलणं बदललं त्यांनी, भात पुसायचा राहिला."

"मग खोटंच की."

"पोरं बघतात म्हणून."

दहावीत शाळा सोडली मी, पण एवढं कळतं. रुद्रेशचा बाप, जयरामकाका, गल्फच्या बोटीवरच होता. आम्ही लहान असताना बोट बुडाली, माणसं मिळालीच नाहीत. त्याची आई, चंद्रावतीकाकी, अजून कुंकू लावते, येतील म्हणते. रुद्रेश मोपाच्या विमानतळावर ट्रॉल्या ढकलतो. गल्फचं विमान उतरलं की बाहेर येणाऱ्यांची तोंडं बघत उभा राहतो. त्याच्याबरोबरचा दीपक एकदा म्हणाला, "याचा बाप अजून बॅग शोधतोय." मी त्याच्या अंगावर चहा ओतला.

"रेकॉर्ड करू?" मी विचारलं.

"ह्याचं नको. हिंदीतलं परत लाव."

बाबा दिवाळीला येणार. तेवढंच तो परत परत ऐकत बसला.

मला काकीचा राग आला. पोराला फसवून ठेवलंय असं वाटलं. नंतर तिच्या बहिणीकडून, सर्वण गावच्या शेवंतीमावशीकडून कळलं. काकी दर म्हाळाला मावशीच्या परसात जयरामकाकाच्या नावाचं पान ठेवते. आपल्या गावात कळू नये म्हणून तिथं. तिला स्कूटरवरून नेतो रुद्रेश. कावळ्याला हाक मारतो तोही रुद्रेशच.